माइनक्राफ्टमध्ये रेडस्टोनचं पहिलं यंत्र: स्वतःच कापला जाणारा ऊस

रेडस्टोन म्हणजे माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळातली, वीज वाहून नेणारी पूड. तो शिकवायला बसलेले बहुतेक लोक लॉजिक गेटपासून (हो-नाही ठरवणाऱ्या छोट्या सर्किटांपासून) सुरुवात करतात. मग ऐकणाऱ्यांपैकी निम्मे जण तिथूनच उठून परत घर बांधायला जातात. माझं मत उलट आहे. आधी एक उपयोगी यंत्र उभं करा, आणि त्याला लागतील तेवढेच सुटे भाग बनवायला शिका. गेटं नंतर आपसूक कळतात.

म्हणून इथे आठ ब्लॉक लांबीची उसाची ओळ लावू. ऊस तीन ब्लॉक उंच झाला की यंत्र तो कापेल आणि माल पेटीत (चेस्टमध्ये) जाऊन पडेल. बुंध्याचा एक ब्लॉक जागेवरच राहतो आणि पुन्हा फुटतो, म्हणजे कायमचा खोडवा. नवी लागण करावी लागत नाही. यंत्र खेळाच्या जावा आणि बेडरॉक दोन्ही आवृत्त्यांत चालतं.

काय काय लागेल

एकूण हिशोब असा: रेडस्टोनची पूड १८, कोबलस्टोन (दगड खणल्यावर मिळणारा ओबडधोबड ब्लॉक) ३८, लोखंडाच्या विटा १३ (बादली नसेल तर आणखी ३), लाकडाचे १० ओंडके म्हणजे ४० फळ्या, नेदर क्वार्ट्झचा १ तुकडा, उसाची ८ कांडी, एक दगडी बटण, थोडी काच आणि भरपूर माती.

रेडस्टोनचं खनिज खोलवर असतं. १.१८ आवृत्तीपासून ते वाय (म्हणजे उंचीचा आकडा) १५ च्या खाली मिळतं आणि जितकं खाली जावं तितकं वाढत जातं. उणे ५९ च्या आसपास आडवा बोगदा काढला तर फार शोधावं लागत नाही. आपण कुठल्या उंचीवर आहोत ते जावात एफ३ दाबून दिसतं, बेडरॉकमध्ये सेटिंगमधून चालू करावं लागतं. पिकॅक्स लोखंडी किंवा त्याहून वरची हवी; दगडी पिकॅक्सने खनिज फुटतं, पण हाती काहीच येत नाही. एका खनिजातून चार-पाच चिमटी पूड पडते, त्यामुळे पाच ब्लॉक सापडले तरी आपलं काम झालं. इतक्या खोल गुहांच्या तळाशी लाव्हा असतो, तेव्हा पायाखालचा ब्लॉक कधीही फोडू नका.

क्वार्ट्झसाठी मात्र नेदरमध्ये, म्हणजे खेळातल्या दुसऱ्या जगात, जावंच लागतं. अजून तिथे जायचं पोर्टल (दार) बांधलं नसेल तर थांबून राहू नका. ऑब्झर्व्हर (ऊस वाढलेला ओळखणारा भाग, क्वार्ट्झ त्यालाच लागतं) सोडून बाकी सगळं उभारा आणि तोवर बटणावर काम चालवा. ते कसं, हे पुढे येतंच.

सुटे भाग बनवताना

पिस्टन, म्हणजे वीज मिळाली की समोरचं ढकलणारे ब्लॉक, आठ लागतात. क्राफ्टिंग टेबलाच्या वरच्या ओळीत तीन फळ्या, मधल्या ओळीत कोबलस्टोन–लोखंड–कोबलस्टोन, खालच्या ओळीत कोबलस्टोन–रेडस्टोन–कोबलस्टोन. स्लाइमचा गोळा लावून होतो तो चिकट पिस्टन. इथे त्याची गरज नाही. साधा पिस्टन उसाला ढकलतो तेव्हाच ऊस तुटून खाली पडतो.

ऑब्झर्व्हर एकच. वरची आणि खालची ओळ पूर्ण कोबलस्टोनची, मध्ये रेडस्टोन, रेडस्टोन आणि शेवटी क्वार्ट्झ. समोरच्या ब्लॉकमध्ये काही बदल झाला की हा भाग मागच्या बाजूने एक क्षणभराचा झटका देतो. ऊस तिसऱ्या ब्लॉकपर्यंत पोचला, हे आपल्या यंत्राला त्याच्याकडूनच कळतं.

हॉपरला (वरून पडलेला माल चेस्टमध्ये सरकवणारं नरसाळं) लोखंडाच्या पाच विटा आणि मध्ये एक चेस्ट: वरचे दोन कोपरे, मधल्या ओळीतल्या दोन बाजू आणि खाली मध्यभागी एक. माल साठवायला आणखी एक चेस्ट वेगळी ठेवा.

उभारणी

उंची सांगायला सोपं जावं म्हणून जमिनीच्या वरचा पहिला ब्लॉक म्हणजे पहिला मजला, त्यावरचा दुसरा, मग तिसरा असं म्हणू.

१. आठ ब्लॉक लांब, एक रुंद आणि एक खोल असा सरळ चर खणा. आठव्या, म्हणजे शेवटच्या खान्याखाली आणखी एक ब्लॉक खणा. इथे हॉपर बसेल. त्याच पातळीवर, चराच्या टोकापलीकडे नवव्या जागी चेस्ट ठेवा. आता खाली वाकून (जावात शिफ्ट धरून) चेस्टच्या बाजूवर क्लिक करत हॉपर लावा, म्हणजे त्याची नळी चेस्टकडे वळते. न वाकता क्लिक केलंत तर नुसती चेस्ट उघडते.

२. चेस्टच्या वर काच ठेवा. काचेखाली चेस्ट उघडते, माती किंवा दगडाखाली उघडत नाही. चेस्टच्या पलीकडे दहाव्या जागी दोन ब्लॉक खोल खड्डा करा. त्यात उतरलं की चेस्टचं तोंड समोर येतं.

३. चराला लागून एका बाजूला उसाची मातीची ओळ येईल. तिच्या मागे पहिल्या मजल्यावर मातीचे आठ ब्लॉक लावा आणि त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, आठ पिस्टन. ऊस अजून लावायचा नाही, तो मध्ये येतो. पिस्टन ठेवताना त्याचं तोंड ठेवणाऱ्याकडे वळतं. म्हणून चराच्या बाजूला, थोडं लांब उभं राहून समोर बघत ठेवा. अगदी जवळून मान खाली घालून ठेवलात तर तोंड आभाळाकडे होतं आणि मग ऊस कितीही वाढला तरी पिस्टन हवेला ढकलत बसतो.

४. पिस्टनांच्या पाठीला लागून दुसऱ्याच मजल्यावर दगडाचे किंवा मातीचे आठ ब्लॉक आणि त्यांच्यावर रेडस्टोनच्या पुडीची सलग रेघ. हे ब्लॉक काचेचे चालत नाहीत. काचेवर पूड बसते, पण काचेतून वीज उतरत नाही. पूड ज्या भरीव ब्लॉकवर असते त्याला ती चेतवते आणि तो ब्लॉक शेजारच्या पिस्टनला.

५. आता ऑब्झर्व्हर. ओळीतल्या चौथ्या पिस्टनच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर त्याची जागा. याचा स्वभाव पिस्टनच्या बरोबर उलट: आपण जिकडे बघत असतो तिकडेच याचं तोंड होतं, आणि लाल ठिपक्याची पाठ आपल्याकडे येते. त्यामुळे या वेळी मागच्या बाजूने यायचं. पुडीच्या ओळीमागे मातीचा एक ब्लॉक ठेवून त्यावर चढा, उसाच्या दिशेने समोर बघा आणि ठेवा. लाल ठिपका पुडीला टेकलेला दिसला की झालं. बाकीच्या सात पिस्टनांच्या डोक्यावर काच किंवा कुठलेही ब्लॉक लावून भिंत पुरी करा, नाहीतर कापलेली कांडी मागे उडतात.

६. हॉपरपासून लांबच्या टोकाला एक बादली पाणी ओता. पाणी मूळ खान्यापासून पुढे सात ब्लॉक वाहतं, म्हणजे आपला आठांचा चर भरतो आणि पाणी हॉपरवर येऊन थांबतं. ओळ आठचीच का घेतली, त्याचं कारण हेच. मग मातीच्या ओळीवर ऊस लावा. शेजारी पाणी असल्याशिवाय तो लागतच नाही. चराच्या पलीकडच्या काठावर काचेची भिंत घाला.

बटण लावून तपासा

पुडीखालच्या ओळीतला अगदी टोकाचा ब्लॉक घ्या आणि त्याच्या मोकळ्या बाजूला दगडी बटण लावा. दाबलं की आठही पिस्टन एकदम पुढे यायला हवेत आणि सेकंदाभराने मागे जायला हवेत. क्वार्ट्झ मिळेपर्यंत हेच बटण तुमचा कोयता: ऊस उंच दिसला की दाबा.

एखादाच पिस्टन हलला नाही तर त्याच्या मागचा ब्लॉक बघा, काच किंवा अर्धा ब्लॉक लागला असेल. ठरावीक जागेपासून पुढचे सगळेच गप्प असतील तर तिथे पुडीची रेघ तुटली आहे. बटणाने चालतं पण ऊस वाढल्यावर आपोआप चालत नाही, तर ऑब्झर्व्हर उलटा बसला आहे. नवशिक्यांच्या यंत्रातल्या बहुतेक बिघाडांमागे मला तरी दिशाच सापडते. सर्किटवर शंका घेण्याआधी प्रत्येक भागाचं तोंड कुठे आहे ते पाहावं.

एकच ऑब्झर्व्हर असल्याने चौथा ऊस तीनवर पोचला की सगळी ओळ कापली जाते. त्या वेळी जो एकच ब्लॉक उंच असेल तो तसाच राहतो. प्रत्येक पिस्टनवर वेगळा ऑब्झर्व्हर लावला तर उत्पन्न थोडं वाढतं, पण आठ क्वार्ट्झ खर्चायची मला गरज वाटत नाही. थोडी कांडी मातीवरही पडून राहतात, ती जाता-येता उचलावी. जावात ऊस एक ब्लॉक वाढायला सरासरी अठरा मिनिटं घेतो, तेही तुम्ही आसपास असलात तरच. दूर खाणीत जाऊन तासाभराने परत आलात आणि चेस्ट रिकामी दिसली, तर यंत्राला दोष देऊ नका.

वीज किती लांब जाते

पुडीतून जाणाऱ्या सिग्नलची ताकद जास्तीत जास्त १५ असते आणि दर ब्लॉकला एकाने घटते. सोळाव्या ब्लॉकवर काहीच उरत नाही. आपली ओळ आठची, त्यामुळे अडचण आली नाही. लांब ओढायची असेल तर मध्ये रिपीटर लावतात, तो ताकद पुन्हा १५ करतो. त्याला दोन रेडस्टोन टॉर्च (रेडस्टोनच्या मशाली), मध्ये पूड आणि खालच्या ओळीत तीन दगड लागतात. हे दगड भट्टीत कोबलस्टोन भाजून केलेलेच हवेत. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या: रिपीटर फक्त समोर वीज देतो, खालच्या ब्लॉकला देत नाही. म्हणून या यंत्रात तो पिस्टनच्या मागच्या ब्लॉकवर बसवलात, तर तेवढा पिस्टन मुका होण्याची शक्यता असते.

पेटी भरल्याचा दिवा

ताकद घटत जाते ही तक्रार वाटते, पण तिचाच उपयोग करता येतो. कम्पॅरेटर हॉपरसोबतच मार्च २०१३ मध्ये १.५ आवृत्तीत आला, तिला रेडस्टोन अपडेटच म्हणतात. कम्पॅरेटरला तीन टॉर्च, मध्ये एक क्वार्ट्झ, खाली तीन भाजलेले दगड लागतात. त्याची पाठ चेस्टला लावली की चेस्ट किती भरली आहे त्यानुसार तो ० ते १५ ताकदीचा सिग्नल देतो. एक कांडं पडलं तरी १, गच्च भरली की १५.

चेस्टच्या मोकळ्या बाजूला थोडं खणा आणि दोन टॉर्चची बाजू चेस्टकडे करून कम्पॅरेटर ठेवा. समोरून पुडीची सरळ रेघ काढून तिच्या टोकाला रेडस्टोन दिवा लावा. दिव्याला मध्ये ग्लोस्टोन (उजेड देणारा ब्लॉक) आणि चारी बाजूंना चार पुड्या लागतात. रेघ आठ ब्लॉक लांब ठेवलीत तर चेस्ट अर्धी भरल्यावर दिवा लागतो, पंधरा ठेवलीत तर पूर्ण भरल्यावरच. हिशोबाचं वेगळं सर्किट लागत नाही, रेघेची लांबी हाच हिशोब. जागा कमी असेल तर रेघ वळवून न्या, वळणाने ताकदीत फरक पडत नाही. फक्त दिव्याआधीच्या शेवटच्या पुडीचं टोक दिव्याकडेच वळलेलं हवं.