मुलाला एकट्याने दूध आणायला कसं शिकवावं

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. सतराव्या वर्षी तो पहिल्यांदा एकटा जाऊन दुधाची पिशवी घेऊन आला. त्यामागे आठ महिन्यांची मेहनत होती. शाळेत पैसे मोजणारं मूल दुकानासमोर मात्र गप्प उभं राहतं, हे अनेक घरांत घडतं. म्हणून आम्ही काय केलं ते सविस्तर लिहिते.

आधी कामाचे तुकडे पाडा. स्वतः दुकानात जाऊन या आणि प्रत्येक बारीक कृती लिहून काढा. माझ्या चौदा भरल्या: चप्पल घालणं, नोट खिशात ठेवणं, रस्ता ओलांडणं, दुकानापाशी आपला नंबर येईपर्यंत थांबणं... थांबणं ही वेगळी शिकवायची गोष्ट आहे, हे मला यादी केल्यावर कळलं.

मग शेवटापासून सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात सगळं तुम्ही करा, मुलाने फक्त पिशवी फ्रिजमध्ये ठेवायची. ते जमलं की पिशवी घरापर्यंत धरायची, मग दुकानदार काकांच्या हातून घ्यायची. असं एकेक पाऊल मागे या. यात काम दर वेळी मुलाच्या हातूनच पुरं होतं. सुरुवातीपासून शिकवलं की ते मध्येच अडतं, उरलेलं आई उरकते आणि मूल तेच शिकतं.

मदत करताना तोंड कमी चालवा. "काकांना काय म्हणायचं?" असं मी महिनाभर विचारत राहिले आणि तो माझ्या प्रश्नाची वाट बघायला शिकला. नंतर मी मनात दहा अंक मोजायचे, मग नुसतं बोट दाखवायचे, पुढे तेही बंद केलं. बोलत नसलेल्या मुलाला त्याच दुधाच्या पिशवीचा फोटो असलेलं कार्ड द्या.

पैसे खऱ्या नोटांनीच शिकवा. नवी दहाची चॉकलेटी, पन्नासची निळी, शंभरची जांभळट, असे रंग लवकर बसतात. पण जुनी निळसर शंभराची नोटही चालते. ती हातात आली की माझा मुलगा "शंभर नाही" म्हणून परत द्यायचा. शेवटी दोन्ही शंभराच्या नोटा टेबलावर शेजारी शेजारी ठेवून रोज दाखवल्या.

दुकानदाराशी दुपारी, गर्दी नसताना बोला. मी एवढंच सांगितलं: तो उत्तराला वेळ लावेल, तेवढं थांबा, आणि मी शेजारी असले तरी त्यालाच विचारा. पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा डबा वाजला की मुलगा कानांवर हात ठेवून पळायचा. तेही सांगितलं. त्याला येताना पाहिलं की काका आवाज कमी करू लागले. मुलाच्या प्रगतीत त्या माणसाचा वाटा माझ्याइतकाच आहे असं मी मानते.

एकटं सोडताना खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी हवीच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता येते, त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढता येतं; त्याची झेरॉक्सही सोबत द्या. पहिले काही दिवस मी समोरच्या फुटपाथवरून मागे मागे चालले.

आणि रोज न घडणारंही शिकवा. एका सकाळी दुकान बंद होतं आणि तो शटरसमोर वीस मिनिटं उभा राहिला, कारण 'बंद' आमच्या यादीत नव्हतं. आता त्याच्याजवळच्या एका कार्डावर बंद शटरचा फोटो आहे, आणि खाली घराकडे जाणारा बाण.