सनी रॉलिन्सच्या रेकॉर्ड्स जमवताय? या चुका टाळा

टेनर सॅक्सोफोन आवडायला लागला की माणूस कधी ना कधी सनी रॉलिन्स या अमेरिकन जॅझ वादकापाशी येतोच. आवडला की लगेच रेकॉर्ड्स घ्यायला लागतो, आणि तिथेच घोळ सुरू होतो. आठ-दहा एलपी घरात येतात, त्यातल्या तीन-चारांत तेच वादन निराळ्या कव्हरात असतं, आणि जी खरोखर हवी होती ती राहूनच जाते. माझ्या कपाटाची पहिली काही वर्षं हीच अवस्था होती. कारण एकच. आपण कव्हर बघून घेतो, आणि रॉलिन्स सापडतो तो तारखेत. कोणत्या दिवशी, कुठे, आणि मागे बेस व ड्रम्सवर कोण होतं, हे कळल्याशिवाय त्याची रेकॉर्ड घेऊ नका.

नावावर जाणं

1956 हे एकच वर्ष बघा. मार्चमध्ये 'प्लस फोर', मेमध्ये 'टेनर मॅडनेस', जूनमध्ये 'सॅक्सोफोन कोलोसस', ऑक्टोबरमध्ये चार्ली पार्करला वाहिलेली रेकॉर्ड, डिसेंबरमध्ये 'टूर द फोर्स', आणि त्याच महिन्यात ब्लू नोट या कंपनीसाठी पहिला आल्बम. वय अवघं पंचवीस-सव्वीस. एवढा माल एका वर्षात तयार झाला, म्हणून पुढे कंपन्यांनी तो पुन्हा पुन्हा नव्या नावांनी बाजारात आणला. 1970 च्या दशकात दोन-दोन एलपींचे संच निघाले, मग निवडक गाण्यांच्या रेकॉर्ड्स, मग सीडीचे डबे. नाव बदललं तरी आतलं वादन तेच.

'फ्रीडम सूट'चं उदाहरण तर मनाला लागणारं आहे. 1958 मध्ये ऑस्कर पेटिफर्ड (बेस) आणि मॅक्स रोच (ड्रम्स) यांच्यासोबत केलेली ही रेकॉर्ड. पहिली बाजू म्हणजे एकोणीस-वीस मिनिटांची सलग रचना. अमेरिकेची संस्कृती कृष्णवर्णीयांच्या देणगीवर उभी आहे आणि त्यांनाच माणुसकी नाकारली जाते, असं रॉलिन्सने कव्हरवरच लिहिलं होतं. कंपनीने पुढे हीच रेकॉर्ड 'शॅडो वॉल्ट्झ' या निरुपद्रवी नावाने पुन्हा काढली. नाव बघून दोन्ही घेणारे लोक मी पाहिले आहेत.

यावर उपाय साधा आहे. एक वही करा. तारीख, जागा, पियानो, बेस, ड्रम्स एवढे रकाने पुरेत. नवी रेकॉर्ड दिसली की आधी वही उघडायची. ड्रम्सचा रकाना सावकाश वाचत जा, रॉलिन्स कधी आणि का बदलला याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

'टेनर मॅडनेस' कोल्ट्रेनसाठी घेणं

कव्हरवर जॉन कोल्ट्रेन या दुसऱ्या थोर टेनर वादकाचं नाव दिसलं की दोघांची अख्खी जुगलबंदी मिळणार असं वाटतं. प्रत्यक्षात कोल्ट्रेन फक्त शीर्षकाच्या तुकड्यात आहे, सुमारे बारा मिनिटं. उरलेली रेकॉर्ड रॉलिन्सची एकट्याची. साथीला पियानोवर रेड गारलँड, बेसवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर फिली जो जोन्स ही ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसकडची त्या वेळची मंडळी. ही बारा मिनिटं मोलाची आहेतच, पण कोण कधी वाजवतोय हे ओळखता यायला हवं. पहिला सोलो कोल्ट्रेनचा. त्याचा आवाज कडक, ताणलेला, वरच्या पट्टीकडे ओढ असलेला. मग येणारा रॉलिन्स जाड आणि खर्जाकडे झुकलेला, स्वर टाकायची त्याला मुळीच घाई नाही. पहिल्यांदा ऐकताना हे कागदावर लिहून समोर ठेवा.

अर्धी 'व्हॅनगार्ड' घेऊन थांबणं

सगळ्यात जास्त वेळ या रेकॉर्डला द्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. 3 नोव्हेंबर 1957, रविवार. न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब. पियानो नाही, फक्त सॅक्सोफोन, बेस आणि ड्रम्स. पेटी बाजूला ठेवून गायला बसलेल्या गवयाला जी मोकळीक मिळते आणि जी जबाबदारी येते, तीच इथे आहे. दुपारी बेसवर डोनाल्ड बेली आणि ड्रम्सवर पीट ला रोका होते, संध्याकाळी बेसवर विल्बर वेअर आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स.

ब्लू नोटने तेव्हा काढलेल्या एलपीत फक्त सहा तुकडे होते, आणि त्यांतला दुपारचा एकच: 'अ नाइट इन ट्युनिशिया'. बाकीचं ध्वनिमुद्रण बरीच वर्षं पडून राहिलं. 1970 च्या दशकात आणखी काही बाहेर आलं, पुढे सीडीवर दोन भाग झाले, आणि 2024 मध्ये सगळं तीन एलपींच्या संचात आलं. चूक अशी होते, की लोक जुन्या एकाच एलपीवर समाधान मानतात. 'ट्युनिशिया' दुपारीही वाजवली आणि संध्याकाळीही. ही दोन वादनं एकामागोमाग लावून ऐका. ला रोकाच्या हाताखाली रॉलिन्स वाक्यं पुरी करत जातो. एल्विन जोन्स ताल असा काही फेसाळत आणतो, की रॉलिन्स वाक्य अर्ध्यावर सोडून त्यालाच उत्तर देऊ लागतो. तोच माणूस, तोच दिवस, तीच चाल. साथीदार बदलल्यावर काय होतं हे इतकं उघड दाखवणारी दुसरी रेकॉर्ड मला माहीत नाही.

एक सूचना. हे ध्वनिमुद्रण मोनो आहे. क्लबच्या जागेत ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरने ते केलं. दोन्ही स्पीकरमधून एकसारखाच आवाज येतो म्हणून तारा तपासत बसू नका.

स्पीकर बिघडला असं समजणं

याच्या नेमकी उलट तक्रार 'वे आउट वेस्ट'बद्दल येते. मार्च 1957, लॉस एंजेलिस, रे ब्राऊन बेसवर, शेली मॅन ड्रम्सवर. सगळ्यांची दिवसाची कामं आटोपल्यावर पहाटे तीनला सुरू झालेली बैठक. स्टीरिओ तंत्र तेव्हा नवंकोरं होतं आणि वादक दोन टोकांना वाटले गेले होते. सॅक्सोफोन एका स्पीकरमध्ये, ड्रम्स दुसऱ्यात. हेडफोन लावून ऐकणाऱ्याला एका कानात रॉलिन्स जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि मग दोष कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) किंवा केबलला दिला जातो. ओळखीच्या दुसऱ्या एखाद्या रेकॉर्डवर खात्री करून घ्या. तिथे दोन्ही बाजू नीट असतील तर तुमच्या यंत्रात काही बिघाड नाही. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबून ऐका, किंवा स्पीकर थोडे जवळ आणा. हेडफोनपेक्षा खोलीत ही रेकॉर्ड कितीतरी पटींनी उलगडते.

खोटा स्टीरिओ मात्र खरा दोष आहे. 1960 च्या दशकात जुनी मोनो ध्वनिमुद्रणं यंत्राने दोन भागांत फोडून स्टीरिओ म्हणून विकली गेली. एका बाजूला वरचे स्वर, दुसऱ्या बाजूला खालचे, वर थोडा घुमारा. रॉलिन्सचा भरदार आवाज यात पातळ होऊन जातो. असली एक प्रत मी एका विक्रेत्याकडून 'जुनी अमेरिकन' एवढ्याच शब्दांवर घेतली होती, आणि बरेच दिवस मला वाटत राहिलं की लोक या माणसाची उगाच एवढी तारीफ करतात. कव्हरवर 'इलेक्ट्रॉनिकली' आणि 'स्टीरिओ' हे शब्द जवळजवळ दिसले की ती प्रत परत ठेवा.

वजन आणि अक्षरं

'180 ग्रॅम' हे वजन झालं. आवाजाची हमी त्यात नाही. 1963 पूर्वीची ध्वनिमुद्रणं युरोपात हक्कमुक्त झाली आहेत, म्हणून तिथे सीडीवरून छापलेल्या चकचकीत एलपींचा सुळसुळाट आहे. मूळ टेपवरून काढलेली प्रत आहे का, हे वेष्टणावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती नाही असंच धरून चाला. 1980 च्या दशकापासून निघालेल्या ओरिजिनल जॅझ क्लासिक्स मालिकेच्या प्रती साध्या दिसतात, पण ऐकायला चांगल्या असतात. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

मूळ छपाईच्या मागे लागायचंच असेल तर लेबलाच्या कडेची कोरी पट्टी दिव्याखाली वाचायला शिका. हाताने कोरलेलं 'आरव्हीजी' किंवा ठशातलं 'व्हॅन गेल्डर' दिसलं तर त्या छपाईची मूळ तबकडी त्याने स्वतः कोरलेली आहे. 1966 पर्यंतच्या ब्लू नोटवर कानासारखी दिसणारी एक छोटी खूण असते, ती प्लास्टिलाइट कारखान्याची. लेबलावरचा पत्ताही बोलतो. प्रेस्टिज कंपनीच्या 1956 च्या रेकॉर्डवर न्यूयॉर्कच्या पन्नासाव्या रस्त्याचा पत्ता हवा. न्यूजर्सीतल्या बर्गनफील्डचा असेल तर प्रत नंतरची आहे.

परदेशातून मागवताना प्रतवारीची अक्षरं फसवतात. 'व्हीजी'चा शब्दशः अर्थ 'फार चांगली' असला तरी प्रत्यक्षात ती खरखर करणारी प्रत असते. बॅलडच्या (संथ गाण्याच्या) शांत जागांत ती खरखर असह्य होते. निदान 'व्हीजी प्लस' बघा, आणि टपालखर्च व कस्टम्स ड्युटी आधीच किमतीत धरा.

बाजूच्या शेवटी सॅक्सोफोन फाटतो

टेनरचा जाड स्वर सुईची परीक्षा घेतो. रेकॉर्डच्या सुरुवातीला स्वच्छ असलेला आवाज लेबलाजवळ येताना करकरू लागला, तर आधी कार्ट्रिजची मांडणी कागदी प्रोट्रॅक्टरवर तपासा. मग सुईचा भार कंपनीने सांगितलेल्या ग्रॅमइतका आहे का ते बघा. भार कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते हा गैरसमज आहे. हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते. लांब स्वर थरथरत असेल तर टर्नटेबलचा बेल्ट सैल झाला असेल किंवा तबकडीचं भोक मध्यावर नसेल. घूं असा आवाज येत असेल तर अर्थिंगची तार बघा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते. प्लास्टिकच्या बाहेरच्या पिशव्या तेवढे चार महिने उघड्या ठेवा, रेकॉर्ड्स उभ्याच ठेवा आणि भिंतीला टेकवू नका.

चाल माहीत नसताना सोलो ऐकणं

रॉलिन्स कळत नाही, असं म्हणणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी मूळ चाल ऐकलेली नसते. 'सॅक्सोफोन कोलोसस'मधलं 'मोरिटाट' हे कुर्ट वाइलच्या संगीतिकेतलं गाणं. 'सेंट थॉमस' ही कॅरिबियन लोकधून, आईकडून कानावर पडलेली, कारण रॉलिन्सचे आई-वडील मूळचे व्हर्जिन आयलंड्सचे. बंदिश कानात नसेल तर बढत कुठून कुठे चालली आहे हे कसं कळणार? आधी चाल गुणगुणता येईपर्यंत ऐका, आणि सोलो चालू असताना मनातल्या मनात तीच म्हणत राहा.

'सेंट थॉमस'मध्ये रॉलिन्स दोनच स्वरांचा एक तुकडा उचलतो, परत परत ठेवतो, फिरवतो, त्यातूनच पुढचं वाक्य काढतो. मॅक्स रोचच्या एकट्याच्या वादनानंतर कॅलिप्सोची कॅरिबियन लय बाजूला होऊन जॅझचा नेहमीचा झुलता ठेका, म्हणजे स्विंग, सुरू होतो, ती जागा चुकवू नका. 'ब्लू सेव्हन'ची सुरुवात डग वॉटकिन्सच्या एकट्या बेसने होते. अकरा मिनिटांच्या या तुकड्यात रॉलिन्स एकाच बीजाला धरून राहतो. संगीतकार आणि समीक्षक गुंथर शुलरने 1958 मध्ये या एका तुकड्यावर सविस्तर लेख लिहिला तो याचसाठी. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हे खरं तर लवकर कळायला हवं. वेगवान ताना शोधत बसल्यामुळे ते निसटतं.

1962 ला संग्रह थांबवणं

1959 ते 1961 रॉलिन्सने मैफली थांबवल्या आणि विल्यम्सबर्ग पुलावर रियाज केला. त्यानंतर 1962 मध्ये आलेल्या 'द ब्रिज'मध्ये लोकांना क्रांती हवी होती, ती मिळाली नाही. जिम हॉलच्या गिटारशी चाललेला तो शांत संवाद आहे, आणि तसाच ऐकला तर फार सुंदर आहे. बरेच संग्राहक इथेच थांबतात.

पण 1960 च्या दशकाच्या अखेरीस हा माणूस पवईला चिन्मयानंदांच्या आश्रमात राहून गेला, 1972 मध्ये 'नेक्स्ट आल्बम' घेऊन परतला, 1978 मध्ये मुंबईच्या पहिल्या जॅझ यात्रेत वाजवून गेला, आणि 2012 पर्यंत रंगमंचावर होता. या काळातल्या स्टुडिओतल्या रेकॉर्ड्स पुष्कळदा आखडलेल्या वाटतात, हे खरं आहे. म्हणून सुरुवात तिथून करू नका. 2008 पासून निघालेल्या 'रोड शोज'च्या चार भागांत मैफलींतलं वादन आहे, ते आधी घ्या.

आणि 15 सप्टेंबर 2001 ची बॉस्टनची मैफल. वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून काही गल्ल्या सोडून रॉलिन्सचं घर होतं. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दुसऱ्या दिवशी सॅक्सोफोन तेवढा हातात घेऊन घर सोडावं लागलं, आणि तीनच दिवसांनी ही मैफल झाली. ती 2005 मध्ये 'विदाउट अ साँग' या नावाने आली आणि 'व्हाय वॉज आय बॉर्न'मधल्या सोलोला ग्रॅमी मिळालं. वहीत या तारखेपुढे स्वतंत्र पान ठेवा. तिथे सत्तरी ओलांडलेला रॉलिन्स एकेक चाल धरून बसतो, सोडायला तयार होत नाही.