‘येणार आहे’ याचे पैसे मोजू नका: नागपूरच्या वेशीबाहेर घर घेताना या चुका टाळा

डिसेंबरातला रविवार, सकाळचे दहा. ऊन अंगाला बरं वाटतं, बेसा रोड मोकळा असतो, साइटवर चहा येतो आणि नव्या टाइल्स चकाकत असतात. आम्ही आमचा फ्लॅट असाच पाहिला. बिल्डरचा माणूस गॅलरीतून हात करून दाखवत होता, "तिकडून मोठा रोड येणार आहे भाऊ, इकडून पाण्याची लाइन येऊन राहिली, बाजूला गार्डन होणार." बायकोनं एवढंच विचारलं, "आज काय आहे?" तो हसला. आम्हीही हसलो आणि इसार देऊन मोकळे झालो.

नागपूरच्या चारही अंगांनी, म्हणजे बेसा-पिपळा, बेलतरोडी, घोगली, शंकरपूर, हिंगणा रोड, उमरेड रोड, काटोल रोडकडे, घरं विकली जातात ती याच दोन शब्दांवर. येणार आहे. चौरस फुटाच्या भावात तेही धरलेलं असतं, फक्त पावतीवर लिहिलेलं नसतं.

डिसेंबरात पाहिलं, डिसेंबरातच इसार दिला

नागपुरात घर पाहायला हिवाळ्याइतका फसवा मोसम नाही. बोअरला पाणी असतं, नाल्याला नसतं, पश्चिमेची भिंत तापत नाही. तोच फ्लॅट मे महिन्यात दुपारी चारला पाहा. पारा 45 च्या घरात, वरचा मजला, पश्चिमेला बेडरूम आणि कूलर बसवायला खिडकीच नाही, कारण नकाशा काढणाऱ्यानं सगळीकडे स्लायडिंग खिडक्या आणि खाली बंद ग्रील दिलेलं. नागपुरात कूलरची जागा न ठेवता घर बांधणाऱ्याला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

वर्षभर थांबून सगळे मोसम पाहणं कोणालाच जमत नाही. पण जे तिथं वर्ष काढून बसलेत त्यांना विचारणं जमतं. स्कीमचा वॉचमन नको, समोरचा पानठेलेवाला, बाजूच्या बिल्डिंगमधल्या काकू आणि टँकरचा ड्रायव्हर, हे तीन लोक पुरे. टँकरवाल्याला विचारा, "या लायनीत मे महिन्यात किती खेपा होतात?" तो खोटं बोलत नाही, त्याला काही विकायचं नसतं.

पावसाचंही तसंच. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या जुन्या, चांगल्या वस्त्यांत तळमजले बुडाले. शहराच्या मधोमध हे होतं, तर मुरूम टाकून उंच केलेल्या शेतातल्या ले-आउटचं काय? तिथं नाला बुजवलेला आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते गावनकाशावर दिसतं. भूमी अभिलेखाकडून मौजाचा नकाशा काढा आणि खसरा (म्हणजे जमिनीच्या सर्व्हे) नंबरावर बोट ठेवून नाला कुठून जातो ते पाहा. त्याच नकाशात आणखी एक गोष्ट कळते: तुमच्या स्कीमपर्यंत येणारा रस्ता खरंच रस्ता आहे, पांदण आहे, की कुण्या पाटलाच्या धुऱ्यावरून तात्पुरती वहिवाट आहे. पांदणीवर डांबर पडेल कधीतरी. धुऱ्यावर मात्र एक दिवस काट्या पडतात.

हद्द कोणाची, हे न विचारणं

माझ्या मते ही सगळ्यात महागडी चूक. ‘नागपुरात फ्लॅट घेतला’ असं आपण म्हणतो, पण महापालिकेची हद्द बेसा-पिपळ्याच्या अलीकडेच संपते. तिथं आता नगरपंचायत आहे, त्यापलीकडे ग्रामपंचायती, आणि बांधकाम परवानगी नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, म्हणजे एनएमआरडीएची. या प्राधिकरणाच्या पदराखाली 719 गावं आहेत. कर एक घेतो, नकाशा दुसरा मंजूर करतो, पाणी तिसरा देतो. तक्रार घेऊन कुठं जायचं, ते घर घेण्याआधी ठाऊक असावं.

"ग्रामपंचायतीचा नकाशा मंजूर आहे, टॅक्सची पावतीही आहे," असं कोणी सांगितलं की तिथंच थांबा. घरटॅक्सची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. ती ना मालकी सिद्ध करते, ना बांधकामाची परवानगी. अशा कागदांवर बँका सहसा कर्ज देत नाहीत, मग पतसंस्थेचं कर्ज चढ्या व्याजानं घ्यावं लागतं आणि पुढं विकायला गेलं की गिऱ्हाइकाची बँकही तेच सांगते.

प्लॉट घेत असाल तर नागपुरातले दोन शब्द पाठ करून जा: एनए-टीपी आणि आरएल. जमीन अकृषक झाली का आणि ले-आउटचा नकाशा मंजूर आहे का, हे पहिल्यात येतं. आरएल म्हणजे रिलीज लेटर, हे त्या-त्या प्लॉटचं पत्र असतं, त्यावर प्लॉट नंबर लिहिलेला असतो. "या ले-आउटमधल्या सगळ्यांचे आरएल आले" हे ऐकून घ्यायचं आणि आपल्या नंबरचं पत्र मागायचं. गुंठेवारीच्या, म्हणजे परवानगीशिवाय जमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या, प्लॉटबाबत लोक कायम सांगतात की "होईल नियमित". 2001 च्या गुंठेवारी कायद्यात 2021 साली दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे भूखंड विचारात घेतले गेले, हे खरं. पण नियमितीकरणाला अटी असतात आणि शुल्क भरावं लागतं. आरक्षणात किंवा नाल्यात गेलेला प्लॉट कोणत्याही कायद्यानं वर येत नाही. ते शुल्क कोण भरणार, हे इसारपत्रातच लिहून घ्या.

सातबारा काढताना भोगवटादार वर्ग पाहायला विसरू नका. वर्ग-2 असेल तर परवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही. इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा बोजा किंवा बहिणीचं नाव असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. वकील बिल्डरनं सुचवलेला नको. त्याची फी वाचवणारे लोक मी पाहिलेत, त्यांनी मॉड्युलर किचनवर मात्र हात आखडला नव्हता.

आठ फ्लॅटची स्कीम

दोन प्लॉट जोडायचे, खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्याला दोन फ्लॅट. दक्षिण नागपुरात गल्लोगल्ली दिसणारी ही स्कीम आठवर का थांबते, याचा कधी विचार केलात? जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा युनिट आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी सक्तीची नाही. त्यात बेकायदा काही नाही. पण महारेरा या राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या साइटवर पाहता येणारा मंजूर नकाशा, ताब्याची तारीख आणि निम्म्याहून जास्त, म्हणजे 70 टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचं बंधन, यातलं काहीच तुमच्या वाट्याला येत नाही. अशा स्कीममध्ये शक्यतो तयार आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलाच फ्लॅट घ्या. त्यावर जीएसटीही लागत नाही.

नोंदणी असलेल्या प्रकल्पात करारनामा रजिस्टर होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. "भाव वाढून राहिला, आज तीस टक्के टाका, करार नंतर करू" म्हणणाऱ्याला हा आकडा सांगा. त्याला तो माहीत असतो.

सुपर बिल्टअपच्या आकड्यावर बोलूच नका, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, विचारा. रजिस्ट्रीत घरातल्या बाईचं नाव असेल आणि घर फक्त तिच्या नावावर होत असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पन्नास लाखांच्या घरावर ही रक्कम बरीच होते.

पाणी: बोअरवर विश्वास

सोळा फ्लॅट, प्रत्येकात चार माणसं, माणशी 135 लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड. दिवसाला 8,640 लिटर झाले. म्हणजे बोअर आटला की दहा हजार लिटरचा एक टँकर जवळजवळ रोज. यात कूलर धरलेले नाहीत, आणि मे महिन्यात एक मोठा कूलर दिवसाला सहज 50-60 लिटर पितो. हा हिशेब आम्ही पहिल्या उन्हाळ्यात केला, जिन्यात उभं राहून, बादल्या हातात घेऊन.

शहरात पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, ते वेशीबाहेर येईलच असं धरून चालू नका. लाइन टाकलेली असली तरी पुरे नाही. टाकीत पाणी पडतं का, किती तास, किती दिवसांआड, हे विचारा. बोअरचं पाणी बाटलीत भरून तपासून घ्या. क्षारांच्या जड पाण्यानं गिझरची कॉइल दर वर्ष-दोन वर्षांनी जाते आणि नळांवर पांढरा थर बसतो तो निघता निघत नाही. सांडपाण्याचाही प्रश्न विचारा: सीवर लाइन आहे की सेप्टिक टाकी? टाकी असेल तर ओव्हरफ्लो कुठं सोडलाय? बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर सोडला असेल तर मालक बांधकाम काढेल त्या दिवशी भांडण ठरलेलं.

भेगा आणि काळी माती

बेसा-घोगलीकडची बरीच जमीन काल-परवापर्यंत कापूस-सोयाबीनची होती. काळी भारी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पायवा तिच्यातच थांबवला तर इमारत दरवर्षी तिच्याबरोबर श्वास घेते. बांधकाम चालू असेल तर पायवा मुरमापर्यंत नेलाय का हे पाहायला इंजिनिअर मित्राला घेऊन जा. तयार घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या जाणाऱ्या, विटांच्या ओळीनं पायऱ्या-पायऱ्यांनी चढणाऱ्या भेगा शोधा. प्लास्टरवरच्या केसासारख्या रेषा वेगळ्या, त्यांना घाबरायचं कारण नाही. भेग वाढतेय का हे कळायला तिच्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटनं चिकटवा, तारीख लिहा, फोटो काढा. पट्टी तडकली तर भिंत हललेली आहे.

मेट्रोच्या नावावर

ऑरेंज लाइन वर्धा रोडनं खापरीपर्यंत जाते. बेशाहून स्टेशन गाठायला तरी गाडी काढावीच लागते. दुसऱ्या टप्प्यातले 43.8 किलोमीटर बुटीबोरी, हिंगणा, कन्हान आणि ट्रान्सपोर्टनगरकडे जाणार आहेत. धावेल तेव्हा धावेल. तुम्ही सोमवारी संध्याकाळी साडेसहाला सीताबर्डीहून स्वतः गाडीनं साइटवर जाऊन पाहा. मनीषनगरच्या गर्दीतून निघताना घराचा निर्णय आपोआप पक्का होतो, नाहीतर बदलतो.

घर घेऊन झालंय, आता?

आधी कागद गोळा करा. इंडेक्स-टू (रजिस्ट्रीच्या नोंदीचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र. बिल्डर नकाशा देत नसेल तर माहितीच्या अधिकारात प्राधिकरणाकडून मागवता येतो. आम्हीही तो नंतर मागवला, तेव्हा कळलं की ‘गार्डन होणार’ ती जागा ओपन स्पेस नव्हतीच, कुणाचा तरी खासगी प्लॉट होता.

ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दिसला आणि प्रकल्प रेराखाली असेल, तर बिल्डरनं तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. फोनवर सांगू नका, लेखी द्या, पोच घ्या, वर सांगितलेल्या पट्टीचे फोटो जोडा. ऐकलं नाही तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. आठ फ्लॅटवाल्यांसाठी ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा आहे. एकेकट्यानं जाण्यापेक्षा फ्लॅटधारकांची संस्था आधी करून घ्या. गच्ची आणि पार्किंगचा प्रश्न तिच्याशिवाय सुटत नाही. वीज मीटर आणि कराच्या नोंदीवर आपलं नाव चढवायचं काम मात्र उद्याच करा, आमच्या बिल्डिंगमध्ये अजून दोघांची बिलं बिल्डरच्या नावानं येतात.

त्या ‘गार्डन’च्या प्लॉटवर आता स्कीम उभी राहिली आहे. आठ फ्लॅट. मागच्या रविवारी एक नवरा-बायको तिथं घर पाहायला आले होते. गॅलरीतून तो माणूस त्यांना हात करून काहीतरी दाखवत होता, आमच्याच दिशेनं. थोड्या वेळानं ती बाई आमच्या गेटवर आली आणि पाण्याचं विचारू लागली. बायकोनं तिला आत बोलावलं, चहा ठेवला आणि टँकरवाल्याचा नंबर लिहून दिला.