सोलापुरातून स्टॉक फोटो विकताय? या चुका टाळा

लग्नसराई संपली की सोलापुरातल्या बऱ्याच फोटोग्राफरांच्या डोक्यात एकच विचार सुरू होतो. हार्ड डिस्क फोटोंनी भरली आहे, कॅमेऱ्याचे हप्ते चालूच आहेत, मग हे फोटो शटरस्टॉक, अडोबी स्टॉक किंवा अलामी अशा ऑनलाइन फोटो विकणाऱ्या एजन्सींवर टाकून डॉलरमध्ये काही मिळतंय का? मिळतं. पण पहिल्याच खेपेला ढीगभर फोटो नाकारले जातात आणि 'आपला कॅमेराच कमी पडतो' असं म्हणून माणूस नाद सोडतो. नाकारलेले फोटो आणि त्यांच्याखाली लिहिलेली कारणं शांतपणे वाचली तर वेगळंच दिसतं. फोटो बहुतेक वेळा बरा असतो. कच्चे असतात ते त्याच्यासोबतचे कागद आणि शब्द.

लग्नाचे फोटो परस्पर टाकणं

ही चूक सगळ्यात आधी सांगतो, कारण तिच्यात फोटो नाकारला जाण्यापेक्षा मोठा धोका आहे. 'फोटो मी काढला, म्हणजे तो माझा' असं आपण धरून चालतो. भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा तसं म्हणत नाही. त्याच्या कलम १७ नुसार कोणी पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. म्हणजे नवरीचा मेंदीचा हात, हळदीतली आजी, वरातीतली पोरं, हे सगळे फोटो ज्यांनी ऑर्डर दिली त्यांचे. एजन्सीवर खातं उघडताना तुम्ही मात्र 'या फोटोचे हक्क माझ्याकडे आहेत' असं लिहून देता. उद्या त्या नवरीला स्वतःचा चेहरा एखाद्या कर्जाच्या जाहिरातीत दिसला, तर तुमच्याकडे दाखवायला काहीही नसेल.

यावर उपाय आहे. लग्नाची ऑर्डर घेतानाच करारात कॉपीराइटबद्दल स्वच्छ ओळ घाला, आणि ज्यांचे चेहरे दिसतात त्यांच्याकडून वेगळं मॉडेल रिलीज, म्हणजे फोटो वापरायला लेखी संमती, घ्या. ग्राहक नको म्हणाला तर विषय संपला. रुखवत, पूजेचं ताट, हळकुंडं, मुंडावळ्या यांचे फोटो घरी सवडीनं मांडणी करून काढता येतात. त्यात कोणाचा चेहरा नाही आणि मालकीचा वादही नाही. माझ्या मते नव्या माणसानं तिथूनच सुरुवात करावी.

सही घेतली, पण समजावलं नाही

शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या अंगणात फार सुंदर फोटो मिळतात. चेहरा ओळखू येत असेल तर व्यावसायिक वापरासाठी मॉडेल रिलीज लागतंच. मूल असेल तर आई-वडिलांची किंवा कायदेशीर पालकाची सही लागते, सोबत साक्षीदाराची सही, आणि तारीख फोटोच्या तारखेशी जुळली पाहिजे. चेहरा अर्धवट दिसतो, पाठमोरा आहे, म्हणून सुटका होत नाही. कपडे, गोंदण किंवा जागा यावरून त्या माणसाला स्वतःची ओळख पटत असेल, तर एजन्सी रिलीज मागू शकते.

फॉर्म इंग्रजीत असतो. समोरची बाई तेलुगू बोलते, थोडं मराठी समजतं, आणि आपण म्हणतो, 'अक्का, इथं सही करा फक्त.' हे बरोबर नाही. तिला सांगा की हा फोटो जगात कुठेही, कोणीही विकत घेऊ शकतो. गरिबी, आजारपण किंवा बालमजुरीवरच्या लेखासोबतही तो छापला जाऊ शकतो, आणि तेव्हा तो परत मागता येणार नाही. बोलायला तेलुगू जाणणारा माणूस बरोबर न्या. एवढं ऐकून ती नको म्हणाली, तर कॅमेरा खाली ठेवा. तिच्या हातांचा, सुपातल्या तेंदूपत्त्यांचा फोटो घ्या, तोही तिला विचारून. सही होऊन आलेला कागद एजन्सीचं समाधान करतो. त्या बाईशी आपण नीट वागलो की नाही, हे मात्र आपल्यालाच पाहावं लागतं.

कारखान्याच्या आत फोटो काढले तर मालकाकडून प्रॉपर्टी रिलीज, म्हणजे जागेसाठीची लेखी संमती, घ्या. चादरीवर शिवलेलं लेबल, यंत्रावरचं कंपनीचं नाव, भिंतीवरचं कॅलेंडर हे सगळं ट्रेडमार्कच्या कारणानं नाकारलं जातं. फोटो काढण्यापूर्वीच कॅलेंडर बाजूला करा, चादर उलटी घडी घाला. नंतर फोटोशॉपमध्ये पुसत बसण्यापेक्षा ते सोपं आहे.

भुईकोट किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे. त्याचं प्रॉपर्टी रिलीज तुम्हाला गल्लीत कोणी देणार नाही. असे फोटो संपादकीय, म्हणजे जाहिरातीसाठी नव्हे तर फक्त बातमी-लेखांसाठी, म्हणून पाठवा.

संपादकीय फोटो म्हणजे पळवाट नव्हे

रिलीज नाही म्हणून कोणताही फोटो 'एडिटोरियल' करून टाकायची सवय लागते. या वर्गाचे नियम उलट जास्त कडक आहेत. फोटोत काही पुसायचं नाही, काही जोडायचं नाही. उजेड आणि रंग थोडे सुधारा, फोटो कापा, त्यापुढे जाऊ नका. विजेची तार आड आली म्हणून पुसली, तर तो फोटो संपादकीय राहत नाही. शटरस्टॉकला कॅप्शनच्या सुरुवातीला शहर, राज्य किंवा देश आणि नेमकी तारीख हवी असते, मग काय चाललंय ते एका सरळ वाक्यात. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर कॅप्शनमधली आणि फाइलमधली तारीख जुळत नाही. अडोबी स्टॉक सर्वसाधारण फोटोग्राफरांकडून बातमीतल्या घटनांचे फोटो घेत नाही. त्यामुळे पंढरीच्या वारीतले, अकलूजच्या रिंगणातले गर्दीचे फोटो तिकडे पाठवून वेळ घालवू नका. अलामी ते घेते. किती माणसं दिसतात आणि रिलीज आहे का, हे तिथं खरं खरं नोंदवायचं असतं.

गड्ड्याचंच, म्हणजे सोलापुरातल्या जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचंच बघा. 'इंडियन फेस्टिव्हल, पीपल सेलिब्रेटिंग' असं कॅप्शन लिहिलेले नंदीध्वजांचे (यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचे) फोटो पाहिले की मला खरंच वाईट वाटतं. तैलाभिषेक वेगळा, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा वेगळा, होम मैदानावरचं होमप्रदीपन वेगळं, शोभेचं दारूकाम वेगळं. अक्षता पडतात तेव्हा सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह होत असतो, हे लंडनच्या संपादकाला कोण सांगणार? नंदीध्वज, बाराबंदी (यात्रेतला पांढरा पारंपरिक पोशाख), अडुसष्ट लिंगं ही नावं इंग्रजी अक्षरांत लिहून पुढे अर्ध्या ओळीत अर्थ द्या. जगात जानेवारीतल्या भारतीय सणांचे फोटो खच्चून भरले आहेत. नेमकी माहिती असलेले फार थोडे आहेत, आणि ती माहिती आपल्याकडे लहानपणापासून आहे.

कीवर्ड: इथेच विक्री अडते

कीवर्ड म्हणजे ज्या शब्दांनी ग्राहक फोटो शोधतो ते. शटरस्टॉकवर किमान ७ आणि जास्तीत जास्त ५० कीवर्ड चालतात, अडोबी स्टॉकवर ४९ पर्यंत. म्हणून सगळी जागा भरायलाच हवी असं नाही. कडक भाकरीच्या फोटोला 'पिझ्झा', 'हॅपी', 'बिझनेस' लावलं तर फोटो नाकारला जाऊ शकतो. स्वीकारला गेला तरी चुकीच्या शोधात वर येऊन कोणी क्लिक न केल्यानं खाली जातो. अडोबीवर क्रमालाही किंमत आहे, पहिले दहा शब्द सगळ्यात महत्त्वाचे.

घेणारा कोणत्या शब्दानं शोधेल ते ठरवा. हुरडा कोणी शोधणार नाही, पण 'ग्रीन सॉर्गम', 'रोस्टेड ग्रेन', 'मिलेट' शोधेल. तरीही 'हुरडा' आणि 'ज्वारी' ठेवाच, कारण पुण्या-मुंबईतली एखादी डिझाइन कंपनी नेमकं तेच शोधते. शहराचं नाव सोलापूर आणि शोलापूर अशा दोन्ही स्पेलिंगनं घाला. शेंगाचटणीला पीनट, ड्राय चटणी, महाराष्ट्रीयन फूड.

आणि एक कळकळीची विनंती. यंत्रमागावरच्या फोटोला 'हँडलूम' लिहू नका. शब्द विकला जातो म्हणून लोक सर्रास लिहितात. सोलापुरी चादर जॅकार्डच्या यंत्रमागावर विणली जाते, तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि धोटा हातानं चालतो की मोटारीनं हे जाणकाराला एका नजरेत कळतं. चुकीच्या नावाचा फोटो एखाद्या हातमाग संस्थेच्या पुस्तिकेत गेला, तर पुढच्या वेळी तो ग्राहक तुमच्याकडे वळत नाही. तसंच दुसरीकडे विणलेली नक्कल चादर अंथरून 'सोलापुरी चादर' लिहिणं. ज्यांच्या गावचं नाव त्या चादरीवर आहे, त्यांनी तरी ते करू नये.

फोटो खरंच बिघडलेला असेल तेव्हा

कारखान्यातल्या ट्यूब आणि एलईडीच्या उजेडात आडवे पट्टे येत असतील, तर शटर १/५० किंवा १/१०० वर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यानं तिथं बहुतेक वेळा पट्टे थांबतात. धोटा गोठवायचाच असेल तर खिडकीजवळचा माग निवडा. चादरीच्या आणि टॉवेलच्या बारीक विणीवर रंगीत लाटा उठतात, त्याला मुआरे म्हणतात. छोट्या स्क्रीनवर त्या कळत नाहीत. १०० टक्क्यांवर मोठा करून बघा, आणि काढतानाच अंतर किंवा कोन थोडा बदलून दोन-तीन फोटो घ्या. माग चालू असताना हवेत सुताचे तंतू उडत असतात, म्हणून लेन्स बाहेर येऊनच बदला. नाहीतर पुढच्या महिनाभरात आकाशाच्या प्रत्येक फोटोवर सेन्सरचे डाग दिसतील.

बाराबंदीचा पांढरा रंग उन्हात फुटतो, एक्स्पोजर थोडं खाली ठेवा. मे महिन्यात दुपारी लांबच्या लेन्सनं काढलेला फोटो मऊ येतो. तो लेन्सचा दोष नसतो, तापलेल्या हवेचा असतो. सकाळी लवकर जा. फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत जेपेग करा. शटरस्टॉक आणि अडोबीवर किमान ४ मेगापिक्सेल लागतात, पण त्यासाठी लहान फोटो ताणून मोठा करू नका, लगेच पकडला जातो.

नकार आल्यावर

तोच फोटो तसाच पुन्हा पाठवू नका. कारण वाचा, दुरुस्ती करा, मगच पाठवा. 'सिमिलर कंटेंट' असं आलं असेल तर एकाच डाळिंबाचे वीस कोन तुम्ही पाठवलेले असतात. त्यातले दोन-तीन निवडा. अलामीवर एका गठ्ठ्यातला एक फोटो दर्जात नापास झाला की सगळा गठ्ठा नापास होतो, म्हणून तिथं सुरुवातीला थोडेच आणि खात्रीचे पाठवा. तपासणाऱ्याची चूक झाली असं मनापासून वाटत असेल तर मदत विभागाला फोटोचा क्रमांक देऊन दोन ओळींत लिहा. रागानं दुसरं खातं उघडलंत तर दोन्ही खाती बंद होतील.

करार आणि पैसे

एखादा फोटो एकाच एजन्सीला बांधून दिला, म्हणजे एक्स्क्लुझिव्ह केला, तर तो दुसरीकडे टाकता येत नाही. सुरुवातीला नॉन-एक्स्क्लुझिव्ह राहा. मोफत फोटोंच्या साइटवर एकदा दिलेला फोटो ज्यांनी उतरवून घेतला, त्यांच्याकडून तो परत घेता येत नाही. जो विकायचा आहे तो तिथं टाकू नका.

फोटोवर अडोबी स्टॉक ३३ टक्के देते, आयस्टॉक नॉन-एक्स्क्लुझिव्ह फोटोग्राफरला १५ टक्के. शटरस्टॉकवर जून २०२० पासून विक्रीनुसार १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत, आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. जानेवारीत कमाई घसरली म्हणून घाबरून फोटो काढून टाकणारे आहेत. कारण एवढंच असतं. एका डाउनलोडला १० सेंटही मिळतात, हे आधीच माहीत असू द्या.

कराचा फॉर्म न भरणं मात्र महागात पडतं. अमेरिकन एजन्सीसाठी डब्ल्यू-८बेन भरावा लागतो. त्यात भारत-अमेरिका करार निवडून पॅन क्रमांक दिला तर तिथल्या विक्रीच्या रॉयल्टीवर १५ टक्के कर कापला जातो, नाहीतर ३० टक्के. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाअखेरीस हा फॉर्म संपतो, तेव्हा नवीन भरा. हे उत्पन्न भारतातही दाखवावं लागतं. तिकडे कापलेल्या कराचं श्रेय इथं मिळू शकतं, त्यासाठी विवरणपत्राच्या वेळी सीएंना कागद द्या. एजन्सीचं खातं, पॅन, पेपाल किंवा पेओनिअर आणि बँक या सगळीकडे नाव अक्षरशः एकच हवं. कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाही, एवढ्यावरून पैसे अडकतात.

शेवटी, 'तुमचे फोटो परदेशी एजन्सीला विकून देतो, आधी नोंदणी फी भरा' असे मेसेज हल्ली व्हॉट्सअॅपवर फिरतात. वर ज्या एजन्सींची नावं आली, त्यांपैकी कोणीही फोटोग्राफरकडून नोंदणीचे पैसे घेत नाही. असा मेसेज आला तर पैसे भरू नका, पॅन आणि आधारची प्रत पाठवू नका. पाठवून झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा.