मास्टर, स्टार्टर आणि करंटची परतीची वाट

घरी विमान बांधायला घेतलं की पत्रा आणि रिव्हेटमध्येच वर्षं जातात. मग बॅटरी बसवायची वेळ आली की वाटतं, हे काय, अर्ध्या दिवसाचं काम! मला तीन आठवडे लागले. त्यातला एक आठवडा तर केलेलं काम उसवण्यातच गेला.

बॅटरीची जागा स्वतःच्या सोयीने ठरवू नका. 12 व्होल्टची, 17 अँपिअर-अवरच्या आसपासची सीलबंद एजीएम बॅटरी (आतलं आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं) सुमारे 7 किलोची असते. ती इंजिनाजवळून शेपटीकडे नेली की विमानाचा गुरुत्वमध्य सरकतो, आणि सगळा हिशेब नव्याने करावा लागतो. मी ट्रे नीट केला होता, पण बॅटरी बांधली होती कापडी पट्ट्याने. बघायला आलेल्या एका जुन्या जाणत्या बिल्डरने ती दोन्ही हातांनी हलवली आणि म्हणाला, "विमान आपटलं तर ही वीट कुठे जाणार?" 9 जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट धक्क्यात 7 किलोची वस्तू 63 किलोच्या जोराने सुटू बघते. त्याच संध्याकाळी पट्टा गेला, आणि वरून धातूची आडवी पट्टी आणि दोन लांब बोल्ट आले.

खरा घोळ झाला तो कॉन्टॅक्टरमध्ये. कॉन्टॅक्टर म्हणजे दांडगा रिले: डॅशबोर्डवरचा छोटा स्विच फक्त त्याची कॉइल चालवतो, शेकडो अँपिअर त्याच्या जाड बोल्टांमधून जातात. मास्टर बॅटरी सगळ्या विमानाला जोडतो, स्टार्टरचा फक्त इंजिन फिरवणाऱ्या मोटरला. हे दोन कॉन्टॅक्टर दिसायला जुळे भाऊ, म्हणून मी सरळ एकसारखे दोन आणले. पण स्टार्टरचा काही सेकंदांपुरता बनवलेला असतो, तर मास्टरला पूर्ण उड्डाणभर ओढून धरायचं असतं. टेबलावर जोडून पाहिलं तर दहा मिनिटांत डबीला हात लावता येईना. घेताना 'कंटिन्युअस ड्यूटी' हे शब्द वाचून घ्या.

सतत चालणारा आणला, जुन्याच वायरी लावल्या, स्विच दाबला आणि काहीच झालं नाही. साधा 'टक्' आवाजसुद्धा नाही. अर्धा दिवस मी स्विचवर संशय घेत बसलो. कारण साधं होतं. तीन टर्मिनलवाल्या मास्टर कॉन्टॅक्टरमध्ये कॉइलचं एक टोक आतूनच बॅटरीच्या बोल्टला जोडलेलं असतं, आणि मी दुसऱ्या टोकालाही प्लसच देत होतो. दोन्हीकडे प्लस, मग करंट वाहणार कुठून? मास्टरचा स्विच कॉइलला ग्राउंड देतो, स्टार्टरचं बटण प्लस देतं. मास्टरची ही उलटी रीत मला आता फार आवडते, कारण स्विचकडे जाणारी वायर घासून बॉडीला टेकली तर आग लागत नाही, फक्त मास्टर चालू होतो.

कॉइलला डायोडही (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लावायचा, पट्टीवालं टोक प्लसकडे. तो नसेल तर कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज दर वेळी स्विचच्या पॉइंटमध्ये ठिणगी पाडतं. तोच उलटा लावलात तर थेट शॉर्ट.

कॉन्टॅक्टरचा नट आवळताना दोन पाने घ्या. एकाने खालचा नट धरून ठेवायचा, दुसऱ्याने वरचा फिरवायचा. एकच पाना वापरला तर आख्खा बोल्टच फिरतो आणि आतला संपर्क वाकडा होतो. बाहेरून काही कळत नाही.

प्लसच्या केबलवर सगळे जीव टाकतात, परतीच्या वाटेकडे कुणी बघत नाही. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून वीज अडलेली. इंजिन ते फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) अशी जाड विणलेली पट्टी जोडली नाही, तर स्टार्टरचा करंट थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो आणि ती जाळून टाकतो. फायबरच्या विमानात तर बॉडीचा उपयोगच नाही, परतीचीही केबल टाकावी लागते. बॅटरी 4 मीटर मागे असेल तर जाऊन-येऊन 8 मीटर तांबं. स्टार्टरने 200 अँपिअर ओढले, तर 4 गेजच्या (गेजचा आकडा लहान तेवढी तार जाड) केबलमध्ये सुमारे 1.3 व्होल्ट तिथेच जिरतात, 2 गेजमध्ये 0.8. केबल जड झाली तरी मी 2 गेजच घेईन.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढताना पहिली आणि लावताना शेवटची. प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला, तर निगेटिव्ह आधीच काढलेली असल्यामुळे काही होत नाही.

शेवटी स्पार्क प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून आणि प्रोपेलरजवळ कुणी नाही याची खात्री करून स्टार्टर फिरवला. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. आकडा आला 1.4 व्होल्ट, म्हणजे एवढे परतीच्या वाटेतच जिरत होते! एकेक जोड तपासत गेलो. फायरवॉलवरच्या लगखाली (पट्टीच्या टोकाचा, बोल्टखाली बसणारा धातूचा तुकडा) मीच हौसेने मारलेला रंग होता. तो चकचकीत होईपर्यंत खरवडला, लग परत आवळला. आता 0.2.