वर्कस्टेशन लॅपटॉप: ड्रायव्हर टाकण्याआधी काय काय बघायचं

लॅपटॉप सर्व्हिसिंगच्या किंवा आयटी सपोर्टच्या कामाला नवीन लागलेल्यांची एक सवय लवकर सुटलेली बरी: काहीही बिघडलं की सगळे ड्रायव्हर (विंडोजला एकेक भाग चालवायला लागणारी छोटी सॉफ्टवेअरं) नव्याने टाकायचे. घरगुती लॅपटॉपवर ते खपून जातं. डेल प्रिसिजन, एचपी झेडबुक किंवा थिंकपॅडची पी मालिका अशा वर्कस्टेशन लॅपटॉपवर, म्हणजे डिझाइनसारख्या जड कामासाठी बनवलेल्या मशिनींवर, खपत नाही. या मशिनींत बहुतेकदा दोन-दोन ग्राफिक्स चिप असतात, डिस्क बऱ्याचदा रेड मोडमध्ये (डिस्क इंटेलच्या स्टोरेज ड्रायव्हरमार्फत चालवणारं बायोसचं सेटिंग) असते आणि मोठ्या मॉडेलांना चार्जर 130 ते 240 वॅटचा लागतो. तक्रार एकीकडे दिसते, कारण भलतीकडेच असतं.

आर्किटेक्चर किंवा मेकॅनिकलचे विद्यार्थी हे लॅपटॉप नागपुरात बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) सेकंडहँड घेतात, ते मूळचे कंपन्यांतून निघालेले असतात. तिथे सर्वांत आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जा (मशीन चालू करताना डेलला एफ2, एचपीला एफ10, थिंकपॅडला एफ1 दाबा). अ‍ॅडमिन पासवर्ड विचारला तर पुढचं कुठलंच सेटिंग बदलता येणार नाही, तेव्हा पैसे देण्याआधीच हे बघायला हवं. दुसरी तपासणी म्हणजे विंडोज कोरं टाकून पहिल्या सेटअपलाच इंटरनेट जोडायचं. कुठल्या कंपनीच्या नावाचा लॉगिन पडदा आला, तर मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदणीत आहे. ती नोंद त्या कंपनीनेच काढायची असते, दुकानदाराच्या हातात काही नसतं.

आता तक्रारीकडे. काहीही काढण्याआधी आहेत ते ड्रायव्हर बाजूला ठेवा. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून पीएनपीयूटिल ही कमांड 'एक्स्पोर्ट-ड्रायव्हर' स्विचसह चालवली की बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरतात. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली सगळ्या उपकरणांची यादी) पिवळ्या खुणेवर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड 28 म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड 10 म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही. कोड 22 म्हणजे कुणीतरी ते बंद करून ठेवलंय, आणि कोड 43 म्हणजे उपकरणानेच बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं. अनोळखी उपकरण असेल तर डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी बघा. त्यातला 'व्हीईएन'च्या पुढचा आकडा कंपनी सांगतो: 8086 इंटेल, 10डीई एनव्हिडिया, 1002 एएमडी, 10ईसी रिअलटेक. 'ड्रायव्हर शोधून देणारी' फुकट सॉफ्टवेअरं मात्र या मशिनींच्या जवळपासही फिरकू देऊ नका.

'लॅपटॉप एकदम स्लो झाला' या तक्रारीत ड्रायव्हरचा संबंध क्वचितच निघतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग बघा. तो 400-800 मेगाहर्ट्झवर अडकून पडला असेल तर आधी चार्जरवर संशय घ्या. डेलच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधली बारीक पिन चार्जरची ओळख मशीनला सांगते. ती वाकली, किंवा चार्जर डुप्लिकेट असला, तर मशीन त्याला ओळखत नाही. मग बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरचा वेगही मुद्दाम दाबला जातो. बायोसमध्ये चार्जरचे वॅट दिसतात. तिथे 'अननोन' असेल तर विंडोज पुन्हा टाकून काहीही होणार नाही. 180 वॅटच्या मशीनला 65 वॅटचा टाइप-सी चार्जर लावून रेंडरिंग करणारेही भेटतात. त्यांचं निदान बायोस न उघडताच होतं.

कर्सर आपोआप उड्या मारतो आणि तेही फक्त चार्जर लावल्यावर, तर टचपॅडचा ड्रायव्हर हात न लावता सोडा. दोन पिनांच्या अडॅप्टरवर किंवा अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर हे हमखास होतं. धातूच्या बॉडीवरून बोट फिरवलं की हलकी झिणझिणीही लागते. अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवर लावून बघा.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा खोलीतली हवाच गरम असते. त्यात लॅपटॉप कूलरच्या झोतासमोर ठेवला की दमट हवेत धूळ चिकटून बसते. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून 'थर्मल थ्रॉटलिंग'च्या (उष्णतेमुळे वेग दाबला जाण्याच्या) ओळी बघा. तिथे 'येस' येत असेल तर मागचं झाकण उघडा, पण सर्वांत आधी बॅटरीची केबल काढा. धूळ पंख्याच्या पात्यांवर दिसते त्याहून जास्त पंखा आणि हीटसिंकच्या बारीक जाळीच्या मधोमध नमद्यासारखी बसलेली असते. पंखा सोडवल्याशिवाय ती दिसत नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो उलटसुलट जोरात फिरून बेअरिंग जातं.

सर्वांत जास्त डेटा जातो तो डिस्कच्या सेटिंगमध्ये. इंटेलच्या 11 व्या पिढीपासून बऱ्याच मशिनींत व्हीएमडी (एसएसडी इंटेलच्या कंट्रोलरमागे ठेवणारं बायोसचं सेटिंग) चालू असतं, त्यामुळे विंडोज टाकताना 'ड्राइव्हच सापडत नाही' असं दिसतं. एसएसडी धडधाकट असते. लॅपटॉप कंपनीच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, इएक्सई उलगडून आयएनएफ फाइल असलेलं फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर' करा. सोबत वाय-फायचा ड्रायव्हरही ठेवा, तो विंडोजच्या पहिल्या सेटअपमध्ये इंटरनेट जोडताना लागू शकतो.

आधीपासून विंडोज असलेल्या मशीनवर डिस्कचा मोड रेडवरून एएचसीआयवर (डिस्कचा साधा मोड) थेट बदलला, तर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'चा निळा पडदा येतो. क्रम असा ठेवा: बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एनक्रिप्शन, म्हणजे डेटाला लावलेलं कुलूप) थांबवा, एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमधून सेफ बूट (मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज चालू करणं) चालू करा, रीस्टार्टमध्ये बायोसला जाऊन मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ द्या, मग सेफ बूट काढा. यात दोन खाचखळगे आहेत. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड आधी विचारून ठेवा. आणि बिटलॉकर कंट्रोल पॅनेलमधून थांबवलं तर एका रीस्टार्टनंतर आपोआप पुन्हा चालू होतं. इथे रीस्टार्ट एकाहून जास्त होतात, म्हणून मॅनेज-बीडीई कमांडने रीबूट काउंट 0 देऊन थांबवा आणि काम झालं की आठवणीने चालू करा. बायोस अपडेटच्या आधीही बिटलॉकर थांबवायचंच. 'आम्ही कधी बिटलॉकर लावलंच नाही' यावर विश्वास ठेवू नका. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की अनेक मशिनींत एनक्रिप्शन आपोआप लागतं. 48 आकड्यांची रिकव्हरी की ग्राहकाच्या खात्यातून आधी काढून घ्या, ती नसेल तर बायोसला हात लावू नका.

ग्राफिक्सच्या तक्रारीत विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडा. 4101 ची नोंद म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अडकून पुन्हा उभा राहिला. नुसती कर्नेल-पॉवर 41 असेल तर मशीन नीट बंद न होता थेट बंद पडलंय, म्हणजे वीज किंवा उष्णतेकडे वळा. सॉलिडवर्क्ससारखी थ्रीडी डिझाइनची सॉफ्टवेअरं प्रत्येक ग्राफिक्स कार्डासाठी ठराविक ड्रायव्हर प्रमाणित करतात, आणि तोच टाकायचा, सगळ्यात ताजा नव्हे. ड्रायव्हर साफच करायचा असेल तर इंटरनेट तोडा, म्हणजे विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवणार नाही. मग सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) चालवा, आणि रीस्टार्टनंतर आधी इंटेलचा, मग एनव्हिडियाचा टाका. तरीही मॉडेल फिरवताना अडखळत असेल, तर सॉलिडवर्क्समध्ये सगळ्या फाइल बंद करून ऑप्शन्समधलं परफॉर्मन्स पान बघा. 'यूज सॉफ्टवेअर ओपनजीएल'वर टिक असेल तर चित्र काढायचं काम प्रोसेसर करतोय, एवढं महागाचं कार्ड नुसतं बसून आहे. फाइल उघडी असताना ती टिक बदलता येत नाही, त्यामुळे बरेच जण ती बघून पुढे जातात.

आवाज, वेबकॅम, फिंगरप्रिंट यांचं फारसं सांगण्यासारखं नाही. सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर टाकून कंपनीच्या पानावरचा ड्रायव्हर घेतला की काम होतं. फक्त चिपसेट आणि सीरियल आयओ (टचपॅडसारखे भाग प्रोसेसरला जोडणारा इंटेलचा ड्रायव्हर) त्याआधी टाकलेले हवेत, नाहीतर टचपॅडसुद्धा यादीत दिसत नाही.