गोझो एका दिवसात कसं फिरायचं

माल्टाला जाताय ना, मग गोझो सोडू नका, जेमतेम ६७ चौरस किमीचं बेट आहे. माल्टातल्या चिर्केव्वा बंदरातून सकाळची फेरीबोट पकडा, २५ मिनिटांत पोचता, आणि जाताना तिकीट लागत नाही, येताना काढायचं (मी येड्यासारखा खिडकी शोधत होतो).

आधी जगन्तिया गाठा. इ.स.पू. ३६०० च्या आसपासची दगडी मंदिरं, पिरॅमिडच्याही कितीतरी आधीची, लोक म्हणायचे राक्षसिणीने बांधली, दगड बघितले की पटतंच. ऊन चढायच्या आत उरका, टोपी आणि पाणी हवंच.

मग बसने व्हिक्टोरिया, म्हणजे गोझोचं मुख्य शहर. तिथल्या किल्ल्याच्या तटावरून अख्खं बेट दिसतं. १५५१ मध्ये तुर्कांनी इथल्या हजारो लोकांना गुलाम म्हणून उचलून नेलं, बेट जवळपास ओस पडलं, ते आठवलं की तो शांत व्ह्यू जरा वेगळाच वाटतो.

दुपारनंतर द्वेजरा, पश्चिम किनाऱ्यावर. फोटोत दिसते ती अझुर विंडोची कमान शोधू नका, ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली, पण बाजूचं ब्लू होल (खडकातला खोल नैसर्गिक डोह) आहे, पोहायला भारी, फक्त लाटा असतील तर उतरू नका. वेळ उरलाच तर श्वेनीची मिठागरं किंवा रामला बीचची लालसर वाळू, दोन्ही होत नाही, मी मिठागरं म्हणेन.